अद्भुताची आवड आणि प्रौढपण

एखाद्या पदवीधर गृहस्थाने अद्भुतकथा लिहाव्या, फावल्या वेळी पृथ्वीवर नसलेल्या देशांचे नकाशे काढावे, पुठ्ठ्याचे किल्ले रचावे, आणि सुपरहिरोंचा नवा चित्रपट लागला की पहिल्याच दिवशी शाळकरी मुलांच्या रांगेत तिकिटासाठी उभे राहावे, हे आपल्या मध्यमवर्गीय घरांत अद्यापि चमत्कारिक समजले जाते. त्याची कथा छापून आली तर तिचे कौतुक होते. पुस्तकाला पारितोषिक मिळाले तर पेढेही वाटले जातात. अडचण होते ती त्याच्या उत्साहाची. “इतके शिकून हे काय पोरखेळ?” हा प्रश्न अकोल्याच्या जुन्या ओसरीवर जितक्या सहज विचारला जातो, तितक्याच सहज अमरावतीच्या नव्या सदनिकेतही. या प्रश्नात वस्तुतः दोन आक्षेप एकात एक गुंतलेले आहेत. छंदात काळ व्यर्थ जातो, हा एक. आणि अमानुष बळाच्या दर्शनाने हर्षित होणारे मन कच्चेच राहते, हा दुसरा. पहिला आक्षेप पोकळ आहे असे आमचे मत आहे. दुसऱ्यात तथ्य आहे. परंतु लोक ते जेथे शोधतात तेथे नाही.

वऱ्हाडाला हा प्रश्न नवा नव्हे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) हे १८९७ साली वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि अकोला, खामगाव, जळगाव-जामोद या गावी त्यांनी वकिली केली. आज ते सर्वांस स्मरतात ते ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारे विनोदी लेखक म्हणून; परंतु १८९६ साली रंगभूमीवर आलेल्या ‘वीरतनय’पासून त्यांनी जी नाटके लिहिली, त्यांतील सृष्टी बव्हंशी कल्पनेची आहे. त्यांची कथानके कृत्रिम आहेत, असा ठपका टीकाकारांनी त्यांच्यावर वारंवार ठेवला. या विद्वान वकिलाला त्या काळच्या पारशी-उर्दू रंगभूमीची विलक्षण ओढ होती. भपकेबाज पडदे, दृश्यांच्या करामती आणि थिरकत्या चाली ही तिची मिरास. सुशिक्षित मराठी प्रेक्षक तिच्याकडे नाक मुरडून पाहत. कोल्हटकरांनी नाक मुरडले नाही. त्या रंगभूमीच्या चाली त्यांनी सरळ आपल्या संगीत नाटकांत आणल्या, आणि मराठी नाट्यसंगीताला त्यायोगे नवे वळण लागले. आजच्या सुपरहिरोच्या चित्रपटाचे त्या काळचे भावंड शोधावयाचे झाल्यास ते त्या पारशी थिएटरातच सापडेल.

आणि याच मनुष्याचा छंद कोणता? तर ग्रहगणित. त्यांनी ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हा ग्रंथ लिहिला. ज्याच्या नाटकांत योगायोगांची लयलूट आहे, त्याने ग्रहांच्या गतींची आकडेमोड करीत बसावे, हा विरोधाभास आम्हांस पुष्कळ दिवस कोड्यात टाकीत असे. विचाराअंती असे वाटू लागले की, त्यात विरोध नाहीच. नाटककाराच्या हातात अमर्याद सत्ता असते. हरवलेला पुत्र त्याने तिसऱ्या अंकात बोलावला की त्याला आलेच पाहिजे. चंद्र मात्र कोणाच्या बोलावण्यावरून येत नाही. ग्रहणाच्या गणितात एक अंक चुकला तर छाया ठरल्या घटकेला पडत नाही, आणि तेथे विनोदही कामास येत नाही व वक्तृत्वही. ज्याचा कल्पनेच्या राज्यात सर्वत्र हुकूम चालतो, त्याला आपला हुकूम मुळीच चालत नाही असा एखादा कोपरा हवासा वाटतो. छंद म्हणजे तो कोपरा होय.

ऑक्सफर्डचे प्राध्यापक टोल्किन यांचेही असेच होते. ‘द हॉबिट’ हे त्यांचे पुस्तक १९३७ साली निघाले. त्याच्या पुष्कळ आधीपासून ते कोणीही न बोलणाऱ्या भाषा रचीत बसत. १९३१ साली दिलेल्या व्याख्यानात त्यांनी या उद्योगाला गुप्त व्यसन म्हटले. व्यसन खरे, पण त्या भाषांचे ध्वनिनियम त्यांनी स्वतः घालून घेतले होते, आणि आपल्याच नियमाला बांधले जाण्यात त्यांना आनंद होता. पुठ्ठ्याच्या किल्ल्याचेही तसेच आहे. बुरूज वाकडा चिकटला तर तो वाकडाच दिसतो; लेखकाची कीर्ती त्याला सरळ करू शकत नाही. ज्या कामाला प्रेक्षक नाही, परीक्षक नाही आणि मोबदलाही नाही, ते नीट करणे ही लहानसहान नीती नव्हे. कचेरीत आपण सारे नीट काम करतो त्याचे एक कारण साहेब असतो.

आता चित्रपटांकडे वळू. १९३८ साली क्लीव्हलंड शहरातील दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन प्रथम छापला गेला. त्या पात्राचे सर्व हक्क त्यांनी १३० डॉलरांना विकून टाकले. पुढे त्यावर इतरांनी केवढी संपत्ती मिळवली हे जगजाहीर आहे, आणि वृद्धपणी, १९७५ मध्ये, त्यांना वार्षिक निवृत्तिवेतन मिळाले तेही मोठ्या खटपटीनंतर. हे विषयांतर झाले. परंतु बलाढ्यांच्या कथा निर्बलांच्या घरी जन्मतात हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पर्वत उचलू शकणारा हा वीर दिवसा वर्तमानपत्राच्या कचेरीत चष्मा लावून मुकाट्याने काम करतो. मुलांना यात गंमत वाटते. आम्हांस त्यात संयम दिसतो. बळ असून ते झाकून ठेवणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. समुद्रकाठी जांबवानाने आठवण करून देईपर्यंत मारुतीला आपले सामर्थ्य ठाऊकच नव्हते, ही कथा आपल्या घरोघर सांगितली जाते.

आपल्या पुराणांतील अद्भुताला कायदा असतो. हिरण्यकशिपूचा वर वाचावा. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही. एखाद्या कसलेल्या वकिलाने खरेदीखत लिहावे तसे ते कलमावार आहे, आणि नरसिंह त्यातली फट शोधून उंबरठ्यावर उभा राहतो. भस्मासुराला त्याचाच हात भोवतो. ज्या सुपरहिरोच्या बळाला अशी अट आहे, किंमत आहे, त्याची कथा प्रौढाने खुशाल पाहावी. सुपरमॅनलाही क्रिप्टोनाइट आहेच. कित्येक चित्रपटांत मात्र बळ वाढत जाते आणि अट विरून जाते. अन्यायाचा निकाल एका ठोशात लागतो. कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही विचारावे, निकाल असा लागत नाही. तेथे मन कच्चे राहण्याची भीती खरी आहे.

परंतु याहून मोठी उणीव निराळीच आहे. या चित्रपटांत बळ दिसते, अभ्यास दिसत नाही. एखादा कोळी चावतो, वीज पडते, आणि सकाळी मनुष्य वीर होऊन उठतो. अमरावतीकरांना हे पटणे कठीण जावे. त्यांच्या गावात १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले, आणि १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. एरंडेल लावलेल्या मल्लखांबावर जो मुलगा आज क्षणभर आडवा तरंगताना दिसतो, तो त्याआधी किती वेळा घसरला असेल याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. प्रेक्षकाला तो उडतो असे वाटते. त्याच्या मांड्यांना मात्र खरे काय ते ठाऊक असते.

म्हणून चित्रपटाचा उत्साह आणि छंद हे दोन्ही ज्याच्यापाशी आहेत, त्या लेखकाची आम्हांस चिंता वाटत नाही. पडद्यावरचे आयते बळ पाहून तो घरी येतो आणि रात्री अकराला किल्ल्याचा बुरूज तिसऱ्यांदा उसवून चिकटवतो. चिंता वाटते ती त्याला हसणाऱ्या घरांची. आमच्या पाहण्यात असे आले आहे की, ही घरे मुलांना चित्रपट नाकारीत नाहीत. चांगले गुण मिळाले की बक्षीस म्हणून तोच दाखवतात. नाकारला जातो तो छंद. चित्रपट तीन तासांत संपतो, वेळापत्रकात बसतो, आणि बाप शेजारी बसून भ्रमणध्वनी पाहू शकतो. छंद वर्षानुवर्षे चालतो, टेबल अडवतो, डिंकाने चादर खराब करतो, आणि दहावीच्या वर्षी त्याची रवानगी माळ्यावर होते. सोडायला लावले जाते ते जे मुलगा स्वतः करीत होता. ठेवले जाते ते जे त्याने केवळ पाहावयाचे. पुढे हाच मुलगा पंचविसाव्या वर्षी नुसताच पडद्यापुढे बसलेला आढळला, म्हणजे आईबाप चित्रपटांना दोष देतात, आणि माळ्यावरची ती पेटी तोवर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेलेली असते.