पुन्हा उगवलेला आवाज

सॅम्पलर या यंत्राचे काम एका वाक्यात सांगता येते: बाहेरचा एखादा आवाज आत घ्यायचा, आकड्यांच्या रूपात साठवायचा, आणि रबरी पॅडवर बोट पडले की तो वाजवायचा. वाक्य दिसते तितके सरळ नाही. सगळी अडचण त्यातल्या ‘तो’ या सर्वनामात आहे. पॅड दाबल्यावर येणारा आवाज खरोखर तोच असतो का? १९६९ साली कोणा ड्रमरने काठी मारली. तिचा आघात आज एखाद्याच्या टेबलावर पुन्हा होतो, की तिथे दुसराच आवाज जन्माला येतो? हा कोणाला शब्दच्छल वाटेल. पण सॅम्पलरवर संगीत रचणे ही निर्मिती की नुसती फेरमांडणी, आणि त्यात चोरी किती, हे दोन्ही वाद शेवटी या सर्वनामापाशीच येऊन अडतात.

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. शब्द नित्य की अनित्य, यावर मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतके भांडले. मीमांसकांच्या मते शब्द उच्चाराने उत्पन्न होत नाही, फक्त प्रकट होतो. दिवा लावल्यावर अंधारातला घडा दिसावा तसा. पुरावा कोणता, तर प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख. दहा जणांनी ‘ग’ म्हटला तरी ऐकणारा ‘हा तोच ग’ म्हणतो, ‘हा दहावा ग’ म्हणत नाही. नैयायिकांना हे पटले नाही. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात शब्दाच्या अनित्यत्वाची सविस्तर चर्चा आहे. शब्दाला कारण असते, आणि जे कारणाने होते ते जाते. पुढच्या नैयायिकांनी तर असे मांडले की पाण्यात एका लाटेने दुसरी उठवावी तसा एक शब्द पुढच्याला जन्म देत कानापर्यंत येतो; म्हणजे कानावर पडतो तो मूळ शब्द नव्हेच, त्याचा वंशज. आणि ओळखीचे काय? कापलेले केस पुन्हा वाढले की आपण ‘तेच केस’ म्हणतो, दिव्याची ज्योत क्षणोक्षणी निराळी असून ‘तीच ज्योत’ म्हणतो. ओळख सारखेपणावरही पोसली जाते. मीमांसकांवर अन्याय नको म्हणून सांगायला हवे की त्यांचा दावा वर्णांपुरता होता. ढोलाच्या ठोक्याला त्यांनीही नित्य म्हटले नसते. इथे उसना घेतला आहे तो त्यांचा युक्तिवाद.

माझे म्हणणे असे की सॅम्पलरपुरते तरी नैयायिक बरोबर आहेत, आणि या यंत्रावर काम करणाऱ्यांच्या ज्या युक्त्या टिकल्या त्याच याची साक्ष देतात. यंत्रात साठवलेला नमुना हा आवाज नाही, आवाजाचे कारण आहे. ई-म्यू कंपनीचा १९८७ सालचा एसपी-१२०० घ्या. बारा बिट, सेकंदाला सुमारे २६ हजार मोजमापे, आणि साठवायला एकूण जागा दहा सेकंदांची. दहा सेकंदांत अख्ख्या गाण्याचा संसार मांडायचा म्हणजे काटकसर आलीच. हिप-हॉपच्या रचनाकारांनी ती अशी केली: ३३ च्या गतीची तबकडी ४५ वर फिरवायची, तो घाईघाईने धावणारा आवाज आत घ्यायचा, आणि मग यंत्रातच त्याचा स्वर उतरवून पूर्वीच्या गतीवर आणायचा. साडेतेरा सेकंदांचा ऐवज दहा सेकंदांत बसला. हिशेबाने जेवढे आत गेले तेवढेच परत यायला हवे होते. तसे झाले नाही. स्वर उतरवताना हे यंत्र साठवलेली काही मोजमापे पुन्हा वाचते, लाटेला पायऱ्या पडतात, आणि त्या पायऱ्यांतून वरच्या पट्टीत एक खरखरीत, पत्र्यासारखी किणकिण निघते. ही किणकिण तबकडीवर नव्हती, जिथे वादन झाले त्या खोलीतही नव्हती. लोकांना ती इतकी आवडली की जागेची चणचण मिटल्यावरही युक्ती चालूच राहिली. जे मुळात नव्हतेच ते ‘प्रकट’ झाले असे कसे म्हणायचे?

ओळखीचा पुरावा किती तकलादू आहे हे तर सॅम्पलर जन्मण्यापूर्वीच दिसले होते. पॅरिसच्या रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफेर याने १९४८ च्या सुमारास घंटेचा नाद मुद्रित केला आणि त्यातला टोल्याचा पहिला आघात गाळून टाकला. उरलेला नाद घंटेचा वाटेना. कोणी वाद्य फुंकते आहे असे वाटू लागले. आजच्या कोणत्याही सॅम्पलरवर हे दोन मिनिटांत करून पाहता येते. पियानोच्या एका सुराचा आरंभबिंदू थोडा पुढे सरकवा, हातोडी तारेवर पडण्याचा क्षण बाहेर ठेवा, आणि राहील ते पियानोपेक्षा पेटीच्या जवळचे असेल. सूर तोच, तार तीच, तरी ओळख गेली. उलट तो आरंभीचा क्षण शाबूत ठेवून बाकीच्याची वाट लावली तरी कान ‘हा पियानोच’ म्हणतो. प्रत्यभिज्ञा दोन्ही बाजूंनी फसते.

यावर आजचा मीमांसक म्हणेल की ही जुन्या यंत्रांची व्यंगे आणि मुद्दाम केलेली मोडतोड आहे; नव्या यंत्रात नमुन्याला हात न लावता हजार वेळा वाजवा, एका आकड्याचाही फरक पडणार नाही, मग आवाज तोच नव्हे का? आक्षेप वजनदार आहे, पण त्यात कारण आणि कार्य यांची गल्लत आहे. आकडे तेच राहतात हे खरे. पण आकडे ऐकू येत नाहीत. ऐकू येते ती त्या वेळी, त्या जागी हललेली हवा, आणि ती कशाच्या मागून आली यावर तिचे रूप ठरते. रॉजर लिन यांनी अकाईसाठी घडवलेल्या, १९८८ मध्ये आलेल्या एमपीसी ६० वर हे टक्क्यांत मांडता येते. मात्रेचे चार भाग केले तर त्यातला दुसरा आणि चौथा भाग किती उशिरा पडावा हे त्याच्या ‘स्विंग’ने ठरते: ५० म्हणजे सरळ रेघ, ६६ च्या आसपास तिस्र जातीचा झोका. नमुन्यातला एक आकडाही न बदलता ५० वर कवायत करणारा ठोका ५८ वर रमतगमत चालू लागतो. डेट्रॉइटच्या जे डिला याने तर यंत्राने ठोके ओळीत आणण्याची सोय बाजूला ठेवून ते हाताने मागेपुढे सरकवले. त्याचा एमपीसी ३००० आता वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयात आहे. तिथे तो मुका आहे, आणि त्यात ठेवण्याजोगे काय उरले, हा नैयायिकांना आवडला असता असा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप याहून बोचरा. नवे सूत कातलेच नाही, तर हा विणकर कसला? याला उत्तर नैयायिकांचे जवळचे सोबती असलेल्या वैशेषिकांच्या लाडक्या उदाहरणातच आहे. वस्त्राचे एक कारण सूत, आणि दुसरे, तितकेच आवश्यक, सुतांचा संयोग. सुताच्या ढिगाला वस्त्र म्हणत नाहीत. अवयवांहून निराळा असा अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, संयोगाने उत्पन्न होतो. द विन्स्टन्स या गटाच्या १९६९ सालच्या ‘आमेन ब्रदर’ या ध्वनिमुद्रिकेत ग्रेगरी कोलमनने सुमारे सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवले आहेत. त्या सात सेकंदांचे तुकडे पाडून पाहा. कातर लाट शून्यरेषा ओलांडते तिथेच लावावी लागते, नाहीतर प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी टक् असा खडा लागतो. तुकडे पॅडवर मांडले की कळते, एकही तुकडा शुद्ध नाही. स्नेअरच्या ठोक्याखाली आधी वाजलेल्या झांजेची गुंज अजून विरते आहे. प्रत्येकाच्या पोटात शेजाऱ्याचे थोडे उरलेले आहे. आता एक तुकडा सुरू होताच आधीचा गप्प व्हावा अशी सोय करून क्रम उलटासुलटा करा. ती गुंज मध्येच तुटते, भलतीकडे उगवते, पुन्हा तुटते, आणि कोलमनने कधी न वाजवलेला एक अडखळता ताल या तुटण्यातून तयार होतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडच्या जंगल संगीताने त्याची गती मिनिटाला १६० मात्रांच्या पुढे नेली आणि त्यावर अख्खी शैली उभी केली. सूत कोलमनचे, संयोग मात्र कोणाच्याही सुतात आधी नव्हता.

याच कसोटीवर पुष्कळ सॅम्पलिंग नापासही होते, हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्याच्या गाण्याचा मुखडा उचलून तोच शेवटपर्यंत फिरवत ठेवणे म्हणजे तयार साडीला किनार लावून ‘आम्ही विणली’ म्हणणे. जुना संयोग मोडल्याशिवाय नवा होत नाही. युक्त्यांचे मोल मला इथे दिसते: उलटे वाजवणे, कापणे, स्वर उतरवणे हे चमत्कृतीसाठी नाही, जुनी वीण उसवण्यासाठी आहे.

पण मग, आवाज नवाच असेल तर चोरी कशाची? या प्रश्नाने अमेरिकेची न्यायालये हैराण झाली. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीविरुद्धच्या निकालाचा आरंभच न्यायाधीशांनी चोरीला मनाई करणाऱ्या बायबलमधल्या आज्ञेने केला. २००५ मध्ये एका अपील न्यायालयाने गिटारच्या सुमारे दोन सेकंदांनाही परवाना लागेल असे ठरवले. २०१६ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने ते मानले नाही. माझ्या मते नवेपणाने ऋण फिटत नाही. सुताचा रंग हे वस्त्राच्या रंगाचे कारण, असे तेच वैशेषिक सांगतात. वीण तुमची असली तरी रंग कातणाऱ्याकडून आला. २००२ च्या ‘अॅडिक्टिव्ह’ या अमेरिकी गाण्यात लताबाईंचे ‘थोडा रेशम लगता है’ भरघोस वापरले होते (रेशीम नेमके नावातच असावे!). तिथे मोडणेही फारसे नव्हते आणि श्रेयही दिलेले नव्हते. संगीतकार बप्पी लाहिरींचे नाव छापल्याशिवाय विक्री नको, असे न्यायालयाला बजावावे लागले.

कोलमनच्या तुकड्याचे असे काही झाले नाही. जाणकार तो दोन ठोक्यांत ओळखतात आणि त्याला ‘आमेन’ म्हणतात. ओळख गाण्याच्या नावाला चिकटली, वाजवणाऱ्याच्या नाही. २०१५ मध्ये काही चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड गोळा केले आणि गटप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना दिले. कोलमन २००६ मध्येच अटलांटात वारला होता, निर्धन आणि बेघर.