हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की आमच्या काउंटरवर पेन्शनरांची रांग लागते. समोर धडधडीत उभ्या असलेल्या माणसाकडे ‘हयातीचा दाखला’ मागायचा मला पगार मिळतो.

अशा वेळी मला रानपिंगळा आठवतो. पिंगळा म्हणजे पिंगट. शिवाय पहाटे दारी येऊन आपलं भविष्य सांगणारा जोशीही पिंगळाच. पण ह्या पिंगळ्याचं स्वत:चं भविष्य? ह्यूमसाहेबानं १८७३ साली त्याची नोंद केली, १८८४ नंतर तो कुणा पक्षितज्ज्ञाला दिसला नाही, आणि शहाण्यांनी खातं बंद करून टाकलं! नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. बरं, घुबड असूनही हा गृहस्थ दिवसाढवळ्या वावरणारा!

मधली एकशे तेरा वर्षं तो मेला होता काय? छे! सातपुड्यात सरडे-उंदीर खात, पोरंबाळं वाढवीत होता. न पाहणारे आपण. मयत मात्र तो.

गेल्या वर्षी एक आजोबा म्हणाले, “अहो, एकदा मान वर करून बघा तरी!” मी फॉर्ममध्येच डोकं खुपसून बसलो होतो.

यंदा आधी बघतो. दाखला मागतोच, पण नंतर.