वेगाची जोखीम कोणाची?

आमची जुनी मोटार आता थकली आहे. तिच्या जागी कोणती घ्यावी, याचा खल पैठणास आमच्या घरी महिनाभर चालला आहे. चिरंजीवांचा कौल २०२४ साली निघालेल्या 'टाटा अल्ट्रोझ रेसर'कडे आहे : आकार घरगुती, इंजिन मात्र टर्बोचे, १२० अश्वशक्तीचे. १९७६ च्या जर्मन 'गोल्फ जीटीआय'चेच हे कुळ.

मोह आम्हांसही आहे, आणि त्यात पाप नाही. उसाच्या ट्रॉलीस मागे टाकताना ताकद उपयोगीच पडते. तथापि वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. नाथषष्ठीस पैठणच्या रस्त्यांनी दिंड्या पायी येतात. वेगाचा आनंद आमचा आणि जोखीम वारकऱ्याची, ही वाटणी न्याय्य कशी म्हणावी?

अंगावर थुंकणाऱ्यावर न रागावता नाथांनी पुनःपुन्हा गोदास्नान केले, असे परंपरा सांगते. ती शांती दुबळ्याची नव्हती. सामर्थ्य हाती असून ते आवरणे, हाच तिचा अर्थ. रिकाम्या रस्त्यावर आपण स्वतःस आवरू, अशी खात्री ज्याला असेल, त्याने ही गाडी खुशाल घ्यावी. आम्हांस ती खात्री अद्याप नाही. म्हणून निर्णय लांबणीवर पडला आहे.