आपण जिंकलो, ते हरले



क्रिकेटचा सामना झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, एस.टी. स्टँडवर आणि रविवारच्या मिस्सानंतर आपल्या चर्चच्या आवारातही जे बोलणे चालते, ते जरा कान देऊन ऐका. भारत जिंकला असेल तर वाक्य असते, "आपण जिंकलो." भारत हरला असेल तर तोच माणूस म्हणतो, "हरले लेकाचे!" एका रात्रीत 'आपण'चे 'ते' होतात. हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की त्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव छापलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. सामन्याविषयी विचारले तर विजयाचे वर्णन करताना 'आम्ही' हा शब्द अधिक वेळा येई, पराभवाचे वर्णन करताना कमी.

आपल्या मराठीत तर 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तोही आत येतो. इंग्रजीत ही सोय नाही. म्हणून 'आपण जिंकलो' हे वाक्य बोलायला सोपे असले तरी फार मोठे आहे. मैदानात घाम गाळणारे ते अकराजण, घरी सोफ्यावर बसलेले आपण आणि समोर चहा गाळणारा टपरीवाला, या सगळ्यांना ते एकत्र बांधते. आमचा आजचा प्रश्न एवढाच आहे की, हा 'आपण' खरा आहे काय? आणि खरा असेल तर तो आपल्यावर काही जबाबदारी टाकतो काय?

धर्मगुरू आता सांगणार की कोणाचीही बाजू घेऊ नका, सर्वांना सारखे माना, असे काहींना वाटेल. आम्ही तसे सांगणार नाही. बाजू न घेता सामना पाहणे म्हणजे मीठ न घालता जेवणे. आपल्या जिल्ह्यात गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे फड भरतात. हलगी कडाडते, पोरासोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या उरकतात आणि मग मोठी जोड लागते. त्या वेळी आपल्या पंचक्रोशीतल्या पहिलवानासाठी ज्याचा जीव वरखाली होत नाही, त्याला फडाच्या कडेला उभे राहून काय मिळणार? माणसाचे प्रेम जवळच्यापासूनच सुरू होते, यात पाप नाही.

पण त्याच फडात म्हाताऱ्या वस्तादांकडे पाहा. त्यांचाही पहिलवान ठरलेला असतो. तरीही समोरचा पठ्ठ्या एखाद्या अवघड पकडीतून सफाईने सुटला, की या म्हाताऱ्यांच्या तोंडून नकळत "वा रे गड्या!" निघून जाते. आपला माणूस अडचणीत आला आहे हे ते क्षणभर विसरतात. नुसता निकाल पाहणाऱ्याला तो डाव दिसतच नाही, मग दाद कुठून येणार? वस्तादांना डाव दिसतो, कारण त्यांनी स्वतः माती खाल्लेली असते. मोबाईलवर गुणफलक पाहून उड्या मारणारी आपली मुले आणि ते वस्ताद यांच्यातला फरक आम्हाला सभ्यतेपेक्षा जाणकारीचा वाटतो.

आता दुसऱ्या प्रकारच्या प्रेक्षकांकडे वळू. २०२४ च्या आयपीएलपूर्वी मुंबई इंडियन्सने रोहित शर्माला बाजूला करून हार्दिक पंड्याला कर्णधार केले. रोहितने संघाला ५ वेळा अजिंक्यपद मिळवून दिले होते, त्यामुळे लोकांना वाईट वाटणे स्वाभाविक होते. पण निर्णय घेतला मालकांनी आणि राग निघाला हार्दिकवर. १ एप्रिल २०२४ रोजी वानखेडेवर, म्हणजे संघाच्या स्वतःच्या मैदानावर, नाणेफेकीच्या वेळीच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. शेवटी संजय मांजरेकरांना माईकवरून प्रेक्षकांना नीट वागण्यास सांगावे लागले. त्या मोसमात मुंबईचा संघ तळाला गेला आणि हुर्यो चालूच राहिली. मग २९ जून आला. बार्बाडोसमध्ये ट्वेंटी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना, शेवटचे षटक, दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या आणि चेंडू हार्दिकच्या हाती. पहिल्याच चेंडूवर डेव्हिड मिलरचा झेल सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर टिपला आणि भारत ७ धावांनी जिंकला. हार्दिक मैदानावरच रडला. ४ जुलैला विजयी संघ वानखेडेवर आला, तेव्हा त्याच मैदानात "हार्दिक, हार्दिक" असा घोष झाला.

ही गोष्ट सांगताना लोक म्हणतात, "बघा, त्याने स्वतःला सिद्ध केले." आम्हाला हे वाक्य खटकते. समजा, तो झेल सूर्यकुमारच्या हातून सुटला असता आणि आपण सामना हरलो असतो. मग एप्रिलमधली हुर्यो योग्य ठरली असती काय? ती चूक असेल तर १ एप्रिललाच चूक होती, २९ जूनच्या निकालाने त्यात काही फरक पडत नाही. आणि ४ जुलैचा तो घोष म्हणजे पश्चात्तापही नव्हता. त्या घोषात क्षमायाचना नव्हती. हिशेब चुकता झाला, इतकेच. जिंकून दिलेस म्हणून सोडले, ही क्षमा नव्हे, वसुली आहे. झावळ्यांच्या रविवारी जयजयकार करणारा समुदाय शुक्रवारी उलटला, हे आपण दरवर्षी वाचतो. इथे तो शुक्रवारकडून रविवारकडे आला म्हणून आपल्याला बरे वाटले, पण समुदायाचा स्वभाव बदललेला नव्हता.

हार्दिकला निदान २९ जून मिळाला. ज्यांना तो मिळत नाही, त्यांची आम्हाला काळजी वाटते. कापसाची वेचणी आटोपत आली की आपल्याकडे टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. मंडप, लाऊडस्पीकर, रोख बक्षिसे, सगळे असते. गेल्या मोसमात अशाच एका सामन्यात आपल्या युवक मंडळाच्या एका मुलाच्या हातून शेवटच्या षटकात झेल सुटला. झेल सुटणे हा खेळाचा भाग आहे. पण समालोचन करणाऱ्याने माईकवरून "हाताची चाळणी झाली काय रे?" असा विनोद केला, मैदान हसले आणि त्या हसण्यात आपलीही पुष्कळ माणसे होती. पुढे कित्येक दिवस गल्लीत त्या मुलाला 'चाळणी' म्हणून हाक मारत होते. ते सामने सुरू होते तेव्हा 'आपली टीम' म्हणून सगळे ट्रॅक्टरमध्ये बसून गेले होते, हेही आम्हाला ठाऊक आहे.

याविषयी विचारले, तर प्रत्येकजण म्हणतो, "फादर, मी एकटा थोडाच हसलो? सगळेच हसले." डेन्मार्कचा तत्त्वचिंतक किर्केगार्ड याने १९व्या शतकात नेमके यावरच बोट ठेवले होते. गर्दीत शिरले की माणसाची जबाबदारी अपूर्णांक होऊन जाते, अशा आशयाचे त्याचे म्हणणे आहे. हजार लोक हसले तर माझ्या वाट्याला हजारावा भाग! पण जबाबदारी म्हणजे वर्गणी नव्हे, की माणसे वाढली म्हणून डोईभार कमी व्हावा. ज्याच्यावर हसले गेले, त्याला हजारावा भाग ऐकू येत नाही. त्याला सगळे ऐकू येते.

गर्दीत चांगला माणूसही कसा वाहून जातो, हे संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनाच्या सहाव्या भागात सांगितले आहे. त्याचा मित्र अलिपियस कायदा शिकायला रोमला गेला होता. माणसांना एकमेकांशी मरेपर्यंत लढवण्याचे तिथले खेळ त्याला किळसवाणे वाटत. मित्रांनी त्याला एके दिवशी ओढतच तिथे नेले. मी इथे शरीराने असेन, मनाने नाही, असे ठरवून तो डोळे मिटून बसला. पण कान कसे मिटणार? एक योद्धा पडला, प्रेक्षकांनी प्रचंड आरोळी ठोकली, कुतूहलाने अलिपियसचे डोळे उघडले आणि पुढच्या क्षणी तोही ओरडू लागला. नंतर तो स्वतःहून जाऊ लागला, इतरांनाही ओढून नेऊ लागला. हाच अलिपियस पुढे बिशप झाला. आम्हाला या गोष्टीतले विशेष हे वाटते की, ऑगस्टीन दोष गर्दीवर ढकलत नाही. आरोळी गर्दीची होती, डोळे अलिपियसचे होते.

म्हणून आम्ही असे म्हणतो : विजयात 'आपण' म्हणायचे असेल, तर तो शब्द बाकीच्या वेळीही वापरावा लागेल. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात श्रीलंकेविरुद्ध भारताचे ८ गडी १२० धावांत बाद झाले, तेव्हा प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, गॅलरीत आगी लावल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला आणि विनोद कांबळी रडत परतला. ऑक्टोबर २००७ मध्ये वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सला काही प्रेक्षकांनी माकडाचे हावभाव करून हिणवले. याला आपण काय म्हणतो? "काही समाजकंटक." म्हणजे षटकार मारला की 'आपण', बाटली मारली की 'समाजकंटक'! ज्याने बाटली फेकली त्याच्याइतका दोष शेजारी बसलेल्याचा नाही, हे उघड आहे. पण शेजारी होता, त्याने पाहिले आणि तो काही बोलला नाही, एवढे तरी त्याच्या नावावर जमा होतेच.

हा 'आपण' किती मोठा किंवा किती लहान असावा, हे काही आभाळातून ठरून येत नाही. एके काळी मुंबईत धर्मावर संघ असत. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि १९३७ पासून पाचवा संघ 'द रेस्ट', म्हणजे 'बाकीचे'. आपण ख्रिस्ती लोक त्या 'बाकीच्यां'त मोडत होतो. सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातले विजय हजारे याच संघातून खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध 'बाकीच्यां'च्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. तरीही डावाने पराभव झाला. धर्मावर संघ पाडण्याला महात्मा गांधींनी १९४० मध्येच नापसंती दर्शवली होती. १९४६ नंतर ही स्पर्धा बंद झाली. आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासच्या चेपॉक मैदानावर भारताने आपला पहिला कसोटी विजय इंग्लंडविरुद्ध मिळवला, तेव्हा कर्णधार होते विजय हजारे. 'बाकीच्यां'तला माणूस सगळ्यांचा झाला होता.

त्याच चेपॉकवर जानेवारी १९९९ च्या शेवटी पाकिस्तानचा संघ खेळत होता. वातावरण तापलेले होते. त्याच महिन्यात दिल्लीच्या फिरोजशहा कोटलाची खेळपट्टी उखडण्यात आली होती. भारताला जिंकायला २७१ धावा हव्या होत्या. पाठदुखीने बेजार सचिन तेंडुलकरने १३६ धावा काढल्या आणि तो बाद झाला तेव्हा अवघ्या १७ धावा उरल्या होत्या. पुढे ४ धावांत उरलेले गडी गेले. पाकिस्तान १२ धावांनी जिंकला. क्षणभर मैदान सुन्न झाले. मग लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. त्या टाळ्या ऐकून पाकिस्तानच्या खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली. जेमतेम तीन आठवड्यांनी कोलकात्यात याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांचा असा गोंधळ झाला की, पोलिसांनी गॅलऱ्या रिकाम्या केल्या आणि शेवटचा गडी ओस मैदानात बाद झाला. चेन्नईच्या लोकांना भारत हरल्याचे दुःख कमी झाले होते असे कोणी म्हणू नये. रडतारडता टाळ्या वाजवता येतात, हे त्यांनी पाहून घेतले.

त्या मुलाकडे आम्ही पावसाळ्यात एकदा जाऊन आलो. आईने चहा दिला. तो शेतात फवारणीला गेला आहे म्हणाली, पण त्याची सायकल अंगणातच होती. आमच्या बोलावण्याने तो येईल असे आम्हाला वाटत नाही. त्या दिवशी ट्रॅक्टरमधून गेलेल्यांपैकी दोघे-तिघे जाऊन त्याच्याशी बोलले तर कदाचित येईल. सामने डिसेंबरमध्ये आहेत आणि युवक मंडळाच्या यादीत अजून एक जागा रिकामी आहे.