शीलाची परीक्षा घेता येते काय?

ज्याच्या हाती आपले हित सोपवावयाचे, त्याची पारख आधी करून घ्यावी, हा नियम प्रत्येक सुज्ञ गृहस्थ पाळतो. शेत वाट्याने लावताना, मुलीसाठी स्थळ पाहताना, फार काय, घरात गडी ठेवतानाही आपण चार ठिकाणी चौकशी करतो. मग ज्याच्या एका सहीने सहस्रावधी लोकांचे सुखदुःख ठरावयाचे, अशा शासकीय अधिकाऱ्याची पारख किती कसोशीने व्हावयास हवी! ती तशी केलीही जाते. परंतु तिच्यात मनुष्याचे ज्ञान मोजले जाते, की शीलही मोजले जाते? आणि मुळात शील मोजता येते काय? हा प्रश्न वरकरणी राज्यकर्त्यांचा दिसतो. पण तो आपणा गृहस्थाश्रमी लोकांच्या उंबरठ्यापर्यंत कसा येऊन पोहोचतो, हे पुढील विवेचनावरून ध्यानी येईल.

दिल्लीत यमुनेच्या काठी मेटकाफ हाऊस नावाची जुनी वास्तू आहे. स्वातंत्र्यास अद्याप चार महिने अवकाश होता. २१ एप्रिल १९४७ या दिवशी सरदार वल्लभभाई पटेल तेथील प्रशिक्षणशाळेत भारतीय प्रशासन सेवेच्या उमेदवारांपुढे बोलावयास उभे राहिले. पूर्वीचे परकीय अधिकारी जनतेपासून दूर राहिले. तुम्ही सामान्य माणसास आपला मानले पाहिजे, कारभार निःपक्षपाती आणि निष्कलंक राखला पाहिजे, राजकारणात पडता कामा नये, असा त्यांच्या उपदेशाचा आशय होता. तोच दिवस २००६ सालापासून ‘नागरी सेवा दिन’ म्हणून पाळला जातो. पुढे दिल्लीची ही शाळा आणि सिमल्याचे प्रशिक्षण महाविद्यालय एकत्र करून १ सप्टेंबर १९५९ रोजी मसुरी येथे राष्ट्रीय प्रशासन अकादमी सुरू झाली. तिला आता लालबहादूर शास्त्री यांचे नाव आहे. या अकादमीच्या बोधवाक्यात शीलास परम भूषण म्हटले आहे. आणि प्रशासन सेवेने आपले बोधवाक्य प्रत्यक्ष गीतेच्या दुसऱ्या अध्यायातून, कर्मातील कौशल्यास योग म्हणणाऱ्या श्लोकातून घेतले आहे. तेव्हा ध्येय उच्च आहे, यात शंका नाही.

आता परीक्षेचे स्वरूप पाहू. दिल्लीच्या शाहजहान मार्गावरील धोलपूर हाऊस हे संघ लोकसेवा आयोगाचे स्थान. प्राथमिक चाळणीनंतर उमेदवारास जी मुख्य परीक्षा द्यावी लागते, तिच्या लेखी भागास १७५० गुण आणि प्रत्यक्ष मुलाखतीस २७५ गुण, असे एकूण २०२५ गुण असतात. २०१३ सालापासून त्यात नीतिशास्त्र, सचोटी आणि अभिवृत्ती या विषयाची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका घातली गेली. तिच्यात नुसत्या व्याख्या विचारीत नाहीत. एखादा पेचप्रसंग सांगून ‘अशा वेळी तुम्ही काय कराल?’ असे विचारतात. देशभरातील लक्षावधी अर्जदारांतून २०२४ सालच्या परीक्षेत अवघे १००९ उमेदवार निवडले गेले. एवढी बारीक चाळण क्वचितच कोठे असेल.

माझा एक भाचा याच परीक्षेसाठी दिल्लीत राजिंदर नगर भागात राहत होता. लाकडी फळ्यांनी अर्धी केलेली एक खोली, भिंतीवर देशाचा नकाशा, खाटेखाली पुस्तकांचे ढीग. मी त्यास भेटावयास गेलो, तेव्हा जेवताना तो एकाएकी म्हणाला, “मामा, नीतिशास्त्राच्या उत्तरात मी रोज लाच नाकारतो. वरिष्ठांचा दबाव आला तरी ढळत नाही, असे लिहितो. मला गुणही चांगले पडतात. पण खरेच तशी वेळ आली, तर मी काय करीन, हे मला ठाऊक नाही. मग मी खोटे लिहितो आहे काय?” मी त्या वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि त्यानेच हा लेख लिहविला.

या प्रश्नाचा विचार आपल्या पूर्वजांनी फार खोलवर केला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील पहिल्या अधिकरणाचा दहावा अध्याय अमात्यांच्या शुद्धीची पारख कशी करावी, यासाठीच आहे. तेथे चार ‘उपधा’ म्हणजे गुप्त कसोट्या सांगितल्या आहेत. धर्माच्या नावाने राजाविरुद्ध चिथावून पाहावे, धनाचा लोभ दाखवून पाहावे, कामाचा मोह घालून पाहावे आणि भय दाखवून पाहावे. जो ज्या कसोटीस उतरेल, त्यास तदनुरूप अधिकार द्यावा. धर्माच्या कसोटीस उतरलेला न्यायाच्या कामी, धनाच्या कसोटीस उतरलेला वसुली आणि कोष यांवर, आणि चारही कसोट्यांत शुद्ध ठरलेला मंत्रिपदी नेमावा. चारही ठिकाणी घसरलेल्यास खाणी, अरण्ये, कारखाने यांकडे धाडावे. मनुष्य एका मोहास अभेद्य असूनही दुसऱ्या मोहापुढे लोण्यासारखा वितळतो, हे मानवी स्वभावाचे किती सूक्ष्म ज्ञान आहे!

परंतु याच अध्यायाच्या शेवटी कौटिल्य जी सावधगिरी सुचवितो, ती मला कसोट्यांहून मोलाची वाटते. तो म्हणतो की, निर्दोष मनुष्यास दूषित करण्याचे कारण परीक्षाच होऊ नये; ते शुद्ध पाण्यात विष कालविण्यासारखे होईल, आणि एकदा बिघडलेल्या मनावर कदाचित औषध सापडणार नाही. अर्थात शीलाची परीक्षा सोन्याच्या परीक्षेसारखी नव्हे. सोने कसोटीवर घासले तरी सोनेच राहते. मन मात्र घासता घासता बदलते.

येथे महाभारतातील दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली, तेव्हा अर्जुनास झाड दिसले नाही, फांदी दिसली नाही, भोवतीचे लोक दिसले नाहीत. दिसला तो केवळ पक्षी आणि अखेरीस त्याचे मस्तक. तो सर्वांत पहिला आला. परंतु कुरुक्षेत्रावर त्याच अर्जुनास लक्ष्य दिसेनासे झाले. दिसले ते आजोबा, गुरू, मामा, भाऊ, पुत्र. त्याचे अंग कापू लागले, धनुष्य हातातून गळू लागले. पहिल्या परीक्षेत पक्षी लाकडी होता, दुसरीत समोर स्वजन होते. अधिकाऱ्याच्या आयुष्यातील परीक्षा बहुधा अशीच येते. लाच हाती पिशवी घेऊन, राक्षसाचे रूप धरून येत नाही. ती मावसभावाच्या चिठ्ठीच्या रूपाने येते, उपकार केलेल्या गुरुजींच्या शब्दाच्या रूपाने येते, घरातील लग्नाच्या खर्चाच्या रूपाने येते. आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, पक्ष्याची परीक्षा जिंकूनही अर्जुनास गीता ऐकावीच लागली.

मग लेखी परीक्षा व्यर्थ म्हणावी काय? तसे म्हणणे अविचाराचे होईल. पूर्वी अधिकारपदे शिफारशीने आणि कृपेने मिळत. खुल्या परीक्षेने ती दारे बंद केली आणि एखाद्या खेड्यातील निर्धन मुलासही धोलपूर हाऊसच्या पायऱ्या चढता येऊ लागल्या. शिवाय अज्ञान हा अधिकाऱ्याच्या ठिकाणी केवळ उणेपणा राहत नाही, तो दोष होतो. कायदा न जाणणारा सज्जनही गरिबाचा घात करतो. परंतु परीक्षेची सत्ता कोठवर चालते, हे ओळखले पाहिजे. आपल्या चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण घ्या. १९१८ साली लंडनमध्ये आय. सी. एस.च्या परीक्षेत ते पहिले आले, याचा अभिमान महाराष्ट्रास आहेच. परंतु १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी दिल्लीतील अर्थमंत्रिपद सोडले, त्या दिवशीच्या परीक्षेस प्रश्नपत्रिका नव्हती आणि गुणपत्रिकाही नव्हती. पहिल्या परीक्षेनंतर अडतीस वर्षांनी ती आली. अशा परीक्षेची तारीख कोणताही आयोग आधी जाहीर करू शकत नाही.

उलट बाजूही पाहावी. माझा भाचा राहत होता, त्याच राजिंदर नगर भागात २७ जुलै २०२४ रोजी पावसाचे पाणी एका शिकवणी वर्गाच्या तळघरात शिरले आणि तेथील वाचनालयात अभ्यास करणारे तीन तरुण विद्यार्थी बुडून मरण पावले. त्या तळघरास परवानगी सामान ठेवण्यापुरती होती. तेथे वाचनालय चालविले जात होते. उद्या ज्यांनी नियमांची अंमलबजावणी करावयाची, ती मुले नियम न पाळल्यामुळे गेली, यासारखी हृदय विदीर्ण करणारी गोष्ट कोणती? परवाना देणे, पाहणी करणे, तक्रार वाचून उठणे ही शासनातील अगदी क्षुल्लक वाटणारी कामे आहेत. त्यांना कोणी टाळ्या वाजवीत नाही. परंतु गीतेने ज्यास फलाची आस न धरता केलेले नियत कर्म म्हटले, ते याहून निराळे काय असणार?

तेव्हा प्रशिक्षणाने काय साधते आणि काय साधत नाही, याचा विवेक करू. १९५४ सालच्या परिवीक्षा नियमांप्रमाणे नव्या अधिकाऱ्यास सामान्यतः दोन वर्षे परिवीक्षेवर ठेवतात. सेवेस आवश्यक असे मनाचे आणि शीलाचे गुण त्याच्या ठिकाणी नाहीत असे आढळल्यास त्यास सेवेतून दूर करण्याची तरतूद त्या नियमांत आहे. म्हणजे शील हा परीक्षेचा विषय असल्याचे शासनानेही मानले, आणि त्यासाठी तीन तासांऐवजी दोन वर्षे दिली. या काळात त्यास डोंगर चढावयास लावतात, खेड्यात राहावयास पाठवितात, सुमारे वर्षभर जिल्ह्यात प्रत्यक्ष काम शिकवितात. हे सर्व योग्यच आहे. स्थितप्रज्ञ कसा ओळखावा, असे अर्जुनाने विचारले, तेव्हा त्यानेही तो किती शिकला आहे हे विचारले नाही; तो कसा बोलतो, कसा बसतो, कसा चालतो, हेच विचारले.

परंतु चंचल मन आवरण्यास भगवंतांनी सहाव्या अध्यायात दोन साधने सांगितली आहेत : अभ्यास आणि वैराग्य. यांतील अभ्यास अकादमी देऊ शकते. फायली वाचण्याचा, लोकांचे ऐकून घेण्याचा, नियमाने वागण्याचा अभ्यास तेथे उत्तम होतो. वैराग्य मात्र मसुरीच्या थंड हवेत एकाएकी उगवत नाही. त्याचे बी घरात पडलेले असावे लागते. आणि येथेच हा प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहतो.

आपण आपल्या मुलास या परीक्षेस कशासाठी पाठवितो, हे प्रत्येकाने मनाशी विचारून पाहावे. निकाल लागतो, गावात मिरवणूक निघते, पेढे वाटले जातात, आणि त्याच रात्री कोणी वडीलधारा हळूच म्हणतो, “आता सात पिढ्यांची ददात मिटली.” ज्या मुलाच्या कानी हे वाक्य पडले, त्याची परीक्षा तेथेच अर्धी हुकली. वेतन तर ठरलेले आहे. मग सात पिढ्यांची ददात कशातून मिटावयाची? पुढे तोच मुलगा खुर्चीवर बसला की आपणच त्याच्याकडे चिठ्ठ्या पाठवितो, रांग मोडून आत जातो, काम लवकर व्हावे म्हणून पाकीट पुढे सरकवितो, आणि बाहेर येऊन सरकारी कारभार बिघडला म्हणून हळहळतो. कौटिल्याच्या काळी उपधा राजा योजीत असे. आज त्या प्रत्येक नागरिक योजीत असतो, आणि त्याही पारखण्यासाठी नव्हे, स्वार्थासाठी. शुद्ध पाण्यात विष कालविणारे हात पुष्कळदा आपलेच असतात.

माझ्या भाच्यास मी पुढे पत्राने उत्तर पाठविले. त्यात लिहिले : “तू खोटे लिहीत नाहीस. जे अद्याप घडले नाही, त्याचा तू संकल्प लिहितोस. संकल्प खोटा ठरेल तो पाळला नाही तर. लिहिला म्हणून नव्हे. आपल्या मनाचा भरवसा नाही, हे तुला ठाऊक आहे, हीच तुझी पहिली सिद्धता समज. ज्यास स्वतःच्या शुद्धतेविषयी मुळीच शंका नाही, त्याची मला अधिक भीती वाटते. रोज निजण्यापूर्वी, आज कोणाचे काम मी कोणासाठी अडविले, एवढे स्वतःस विचारीत जा. आणि मामाची एक प्रतिज्ञा लिहून ठेव. तू निवडला गेलास, तर तुझ्याकडे माझी चिठ्ठी कधीही येणार नाही.”

हे शेवटचे वाक्य लिहिताना माझा हात क्षणभर थबकला, हे कबूल केले पाहिजे. आमच्या शेताच्या बांधाचा एक तंटा वर्षानुवर्षे पडून आहे. तेव्हा मला कळले की, त्या परीक्षेस तो एकटा बसलेला नाही. तिचा एक प्रश्न माझ्याही पुढ्यात आहे. प्रत्येक गृहस्थाने तो आपापल्या घरी सोडवावा, म्हणजे दिल्लीच्या परीक्षकांचे ओझे पुष्कळ हलके होईल.