सौम्यपणा आणि दया

निसर्गाकडून नीती शिकावी, असे आपण मुलांना वारंवार सांगतो. झाडाने दातृत्व शिकवावे, नदीने निरपेक्षता, मुंगीने उद्योग! पण निसर्गाला खरोखरच नीती ठाऊक असते काय? या प्रश्नाची एक मोठी परीक्षा ऑस्ट्रेलियात होऊन गेली आहे. परीक्षार्थी दोन : एक ससा आणि एक विषाणू.

1859 साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून आणलेले काही ससे विक्टोरिया प्रांतात सोडले. त्यांची संतती पुढे कोट्यवधींनी मोजण्याची वेळ आली. कुरणे उजाड झाली, मेंढ्या उपाशी राहू लागल्या. अखेर 1950 साली सरकारने दक्षिण अमेरिकेतून आलेला मिक्सोमा नावाचा विषाणू सशांत सोडला. तिकडच्या रानसशांना त्याने नुसती एखादी गाठ येई. युरोपीय वंशाच्या या सशांना मात्र तो काळ ठरला. पापण्या सुजून ससा आंधळा होई आणि थोड्याच दिवसांत मरे. शंभरातले 99 हून अधिक मरत.

आणि मग एक नवल घडले. थोड्याच वर्षांत विषाणूचे सौम्य वाण सर्वत्र दिसू लागले. कोणाला वाटेल, मारणाऱ्यालाही कधीतरी मारण्याचा कंटाळा येतो. पण कारण वेगळेच होते. हा रोग डास पसरवतात. झटपट मरणाऱ्या सशावर डासांना बसायला अवधी मिळत नाही. दोनतीन आठवडे रेंगाळणाऱ्या सशावर तो भरपूर मिळतो. तेव्हा सौम्य वाण टिकले ते दयेमुळे नव्हे, डासांच्या सोयीमुळे!

ससेही बदलले. सात साथी सोसलेल्या कळपांतले ससे पकडून त्यांना एकाच ठरावीक वाणाची लागण करून पाहिली, तेव्हा पूर्वी शंभरातले 90 मारणारा तो वाण आता 30 देखील मारीना. 2019 साली शास्त्रज्ञांनी संग्रहालयांतल्या जुन्या सशांची जनुके आजच्या सशांशी ताडून पाहिली. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि ब्रिटन या तिन्ही देशांत प्रतिकारशक्तीच्या जनुकांत पुष्कळसे तेच बदल झालेले आढळले. पण विषाणूही स्वस्थ बसला नव्हता. सशाच्या शरीरात धोक्याची वर्दी देणारे जे रासायनिक दूत असतात, त्यांना वाटेतच अडवणारी प्रथिने या विषाणूजवळ असतात. 1990 नंतरच्या काही वाणांनी तर सशाची प्रतिकारशक्ती इतकी दडपून टाकली, की जखमेच्या जागी लढायला रक्तातल्या पेशी पुरेशा जमेनात. सौम्यपणाची सोय संपली आणि सौम्यपणाही संपला.

म्हणून मला वाटते, निसर्गात हिशेब आहे, नीती नाही. ज्याला दुसरे काही करता आले असते आणि तरीही ज्याने चांगले निवडले, त्याचीच दया खरी. या कथेत असे निवडणारे कोण होते? फक्त माणसे.

1951 साली मरे नदीच्या खोऱ्यात माणसांत मेंदूज्वर उद्भवला. लोकांनी सशांच्या विषाणूवर संशय घेतला. तेव्हा मॅकफार्लेन बर्नेट, फ्रँक फेनर आणि इयान क्लूनीज रॉस या तिघा शास्त्रज्ञांनी तो विषाणू स्वतःच्या अंगात टोचून घेतला. त्यांना काहीही झाले नाही. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या अर्मां-दलील नावाच्या एका निवृत्त डॉक्टराने आपल्या वाडीतले ससे मारावेत म्हणून तोच विषाणू सोडला. वाडीचे कुंपण विषाणूला कोठून कळणार? तो देशभर पसरला आणि गरिबांच्या खुराड्यांतले पाळीव ससेही मेले.

विषाणू एकच. एकाने धोका आपल्या अंगावर घेतला, दुसऱ्याने तो शेजाऱ्याच्या दारात लोटला. विषाणू सोडावाच लागला, असे उजाड कुरणाकडे पाहत एखादा शेतकरी म्हणेल, आणि त्याला खोटे ठरवण्याचा धीर मला होत नाही. पण आंधळ्या होऊन मेलेल्या सशाचे दुःख त्या शेतकऱ्याच्या हिशेबातही कोठेतरी मांडलेले असावे, एवढे मात्र मला म्हणावेसे वाटते. कारण विषाणू ते मांडणार नाही, आणि डासही मांडणार नाही. आपण ते मांडले नाही, तर या जगात ते मांडणारे दुसरे कोणीच नाही.