शिकलेल्या नटाने जायचं कुठे?

राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा विषय निघाला की नावं सुरू होतात. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, रोहिणी हट्टंगडी, पंकज कपूर, इरफान, नवाजुद्दीन सिद्दीकी, पंकज त्रिपाठी. नावं अभिमान वाटावा अशीच आहेत. पण ती आपल्याला ठाऊक झाली पडद्यामुळे. रंगभूमीसाठी काढलेल्या शाळेचं यश आपण सिनेमाच्या श्रेयनामावलीत शोधतो आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मला ते वाटतं, आणि दोष शाळेचा आहे असं मात्र वाटत नाही.

संगीत नाटक अकादमीने १९५९ साली हे विद्यालय सुरू केलं. १९६२ मध्ये इब्राहिम अल्काझी संचालक झाले आणि पुढची पंधरा वर्षं त्यांनी त्याला आकार दिला. पुण्यात जन्मलेला, लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेला आणि मुंबईत इंग्रजी नाटकं करून हात बसलेला हा माणूस. त्यांनी दिल्लीत आणली ती शिस्त. नटाला इतिहास ठाऊक हवा, चित्रकला कळायला हवी, नेपथ्यासाठी लाकूड कापता यायला हवं, दिवा कुठे टांगला की चेहऱ्यावर काय उमटतं ते समजायला हवं. आवाज, शब्दोच्चार, देहबोली, संगीत, रंगभूषा, वेशभूषा, संस्कृत नाटक, ग्रीक नाटक, आशियाई परंपरा हे सगळं प्रत्येकाने शिकायचं आणि मग अभिनय किंवा दिग्दर्शन-आरेखन यांतलं एक निवडायचं, हा साचा पुढे टिकला. फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत ‘अंधा युग’ आणि पुराना किल्ल्यात ‘तुघलक’ उभं राहिलं, तेव्हा नाटकाला केवढा अवकाश पेलता येतो हे दिल्लीला दिसलं.

या शिक्षणाचं एक वैशिष्ट्य सहसा बोललं जात नाही. ते एकट्या नटाचं शिक्षण नाही. तीन वर्षं तीच माणसं एकमेकांसोबत राहतात. आज ज्याची प्रमुख भूमिका असते तो पुढच्या नाटकात पडद्यामागे सामान हलवतो. समोरचा नट श्वास कुठे घेणार हे शरीराला कळू लागतं. म्हणजे विद्यालय घडवतं ते संचातला माणूस. आणि पदविका हातात पडते त्या दिवशी तो संच मोडतो. दरवर्षी तीसेक तरुण भगवानदास रोडवरच्या बहावलपूर हाउसमधून बाहेर पडतात आणि त्यांच्यासमोर एकच मोठा रस्ता असतो, मुंबईचा. तिथे ते एकेकटे ऑडिशनच्या रांगेत उभे राहतात. नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी तर दिल्लीचं शिक्षण संपवून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा विद्यार्थी झाले. नाटकाची पूर्ण तालीम झालेल्या नटांना पोटासाठी दुसऱ्या माध्यमाचं शिक्षण घ्यावं लागतं, यात त्यांच्याविषयी जेवढं कळतं त्याहून अधिक आपल्या रंगभूमीविषयी कळतं.

विद्यालयाला ही अडचण दिसली नव्हती असं नाही. १९६४ मध्येच तिथे रेपर्टरी, म्हणजे पगारी नटांचा कायम संच, सुरू झाला. मनोहर सिंह, सुरेखा सिक्री, उत्तरा बावकर यांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं तिथे घालवली. ‘तमस’मध्ये या दोघी अभिनेत्रींना पाहून जे थक्क झाले, त्यांनी त्या अभिनयामागची रंगमंचावरची वर्षं लक्षात घ्यायला हवीत. पण रेपर्टरी एक आणि देश एवढा मोठा. ती वाढायला हवी होती दिल्लीबाहेर, वेगवेगळ्या भाषांमध्ये. तसं घडलं ते फार थोड्या ठिकाणी आणि बहुधा एखाद्या माणसाच्या हट्टामुळे.

अशा माणसांत मला ब. व. कारंत सर्वांत महत्त्वाचे वाटतात. लहानपणी घर सोडून ते गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत शिरले होते. वीरण्णांनीच त्यांना पुढे शिकायला बनारसला पाठवलं. तिथून ते दिल्लीच्या विद्यालयात आले आणि १९७७ मध्ये अल्काझींनंतर त्याचे संचालक झाले. म्हणजे कंपनी आणि शाळा ही दोन्ही घरं त्यांनी आतून पाहिली होती. संचालकपद सोडल्यावर ते भोपाळच्या भारत भवनात रंगमंडल उभारायला गेले, आणि १९८९ मध्ये म्हैसूरला त्यांनी ‘रंगायण’ सुरू केलं. राज्यभरातून तरुण निवडले, सरकारकडून त्यांच्या पगाराची सोय करून घेतली आणि त्यांना एका आवारात एकत्र ठेवलं. शाळेने जे शिकवलं ते जगण्यासाठी घर लागतं, हे त्यांना कंपनीत वाढल्यामुळे कळलं होतं असं मला वाटतं. तिकडे शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या ‘निनासम’ने १९८० मध्ये स्वतःची नाट्यशाळा काढली आणि पाच वर्षांत ‘तिरुगाट’ हा फिरता संचही. शिकलेला मुलगा त्याच गावातून नाटक घेऊन कर्नाटकभर फिरायला निघतो. रतन थिय्याम पदविका घेऊन इंफाळला परतले आणि १९७६ मध्ये त्यांनी कोरस रेपर्टरी उभारली. राहणं, शेती, तालीम सगळं एकाच आवारात. विद्यालयाचं कर्तृत्व मोजायचं तर माझी यादी इथून सुरू होते.

या पद्धतीत खोट नाही असं मुळीच नाही. पगारी संचाला सरकारी कार्यालयाची कळा येऊ शकते, नट आणि नाटक दोन्ही एका जागी साचतात. रंगायणात संचालकाच्या नेमणुकीवरून राजकीय वादही झाले. हे धोके आहेत आणि ते सांभाळावे लागतील. पण संचच नसणं हा त्यावरचा उपाय होत नाही.

आपल्याकडे हा विचार परका नाही. किर्लोस्कर मंडळीत बालगंधर्व १९०५ साली आले तेव्हा त्यांना घडवायला गोविंद बल्लाळ देवलांसारखा तालीममास्तर होता. कंपनीचं बिऱ्हाड हीच शाळा होती आणि जेवणाची पंगतही तिथेच. त्या व्यवस्थेतली मालकशाही, कर्जं, पोरवयात घर तुटलेल्या मुलांचे हाल, हे काहीही परत यायला नको. परंतु शिकणं आणि पोट भरणं एका छपराखाली होतं, ही तिच्यातली मोलाची गोष्ट होती. ते छप्पर गेल्यावर आपण शिक्षणाची सोय केली. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आलं, मुंबई विद्यापीठात वामन केंद्रे यांच्यासारख्या दिल्लीत शिकलेल्या दिग्दर्शकाने नाट्यशाळा उभी केली, मराठवाडा विद्यापीठात नाट्यविभाग आहे, गोव्यात कला अकादमीची शाळा आहे. राज्य नाट्य स्पर्धा आणि पुरुषोत्तम करंडकातून किती पिढ्या वर आल्या! घर मात्र उभं राहिलं नाही.

मराठी नटाला व्यावसायिक नाटक आहे, हे भाग्य देशात फार थोड्या भाषांना लाभलं आहे, आणि ते टिकवणाऱ्या निर्मात्यांविषयी मला आदर आहे. पण तिथे नट ‘नाइट’वर काम करतो. प्रयोग लागला तर पैसे, नाही लागला तर नाही. महिनाभराच्या तालमीत नाटक उभं करायचं, दिवसा मालिकेचं शूटिंग, रात्री प्रयोग, पहाटे बस. या धावपळीत देहाची आणि आवाजाची रोजची मेहनत आधी सुटते. तीन वर्षांत कमावलेलं शिक्षण पुढच्या पाच वर्षांत झिजत जातं आणि उरते ती सफाई. प्रेक्षक सफाईलाच अभिनय समजू लागला, तर त्यात त्याची चूक नाही. दुसरं काही त्याला क्वचितच दाखवलं जातं.

महाराष्ट्रात नाट्यगृहं पुष्कळ आहेत. बहुतेक महापालिकांच्या मालकीची, आणि सकाळ, दुपार, रात्र अशी सत्रांनी भाड्याने जाणारी. त्यांच्या दुरुस्तीवर, खुर्च्यांवर, वातानुकूलनावर आपण भांडतो आणि ते भांडायलाच हवं. पण त्या इमारतींत वस्ती कुणाचीच नाही. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ला आगीत जळालं तेव्हा अख्खं शहर हळहळलं आणि ते पुन्हा उभारायचं ठरलं. ज्याचं नाव त्या वास्तूला आहे, त्या माणसाने ‘ललितकलादर्श’ ही कंपनी काढली होती. त्याच्या नावाच्या रंगमंचावर पंधरा-वीस नटांचा कायम संच का नसावा? दिल्लीहून, पुण्याहून, मुंबईहून शिकून आलेली मुलं आणि आसपासच्या गावांतली मुलं एकत्र, महिन्याचा पगार, वर्षाला तीन-चार नाटकं, उरलेले दिवस जिल्ह्यात दौरा. भाड्याची सत्रं त्यामुळे काही कमी होतील, तेवढी तूट महापालिकेने आणि सरकारने वाटून सोसावी. मुदत पाच वर्षांची असावी, प्रमुखाची निवड रंगकर्मींच्या समितीने करावी आणि पहिल्या दोन वर्षांत कुणी तिकीटविक्रीचे आकडे मागू नयेत.